हवामानाचं काम महापालिकेकडून करून घ्यायचंय? लेखाशीर्षापासून शेवटच्या बिलापर्यंतचा क्रम

फेब्रुवारीत आयुक्त अंदाजपत्रक मांडतात. त्यानंतर आठवडाभरात नागरिक मंचांची निवेदनं पालिकेत जाऊन पडतात: 'हवामान बदलासाठी भरीव तरतूद करावी.' खाली पन्नास सह्या आणि वर पोच शिक्का. त्यातून बहुधा काहीच होत नाही. हेतू चांगला असतो, पण निवेदन चुकीच्या महिन्यात, चुकीच्या खात्याकडे जातं आणि त्यात काम कोणतं ते लिहिलेलंच नसतं.

प्रभागात काम करणारे गट, नवे नगरसेवक आणि पर्यावरण कक्षात नुकतेच रुजू झालेले कनिष्ठ अभियंते यांच्यासाठी पुढचे टप्पे आहेत. मुंबईचा कायदा 1888 चा आणि स्वतंत्र आहे. राज्यातल्या इतर महापालिकांना 1949 चा महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम लागू होतो. कलमं वेगळी असली तरी कागदांचा क्रम जवळपास सारखाच. शेवटपर्यंत एकच उदाहरण घेऊ: महापालिका शाळेच्या गच्चीवर ऊन परतवणारा पांढरा लेप. काम छोटं आहे, पण मोठ्या कामांत जिथे घोटाळा होतो त्या बहुतेक जागा यातही येतात.

## टप्पा 1: 'हवामान' बाजूला ठेवा, काम आणि खातं ठरवा

मुंबईचा हवामान कृती आराखडा मार्च 2022 मध्ये आला, त्यानंतर राज्यातल्या इतर शहरांचेही आले. आराखड्यातलं वाक्य असं असतं: 'उष्णतेचा ताण कमी करण्यासाठी इमारतींवर उपाययोजना.' या वाक्यावर कोणी बिल काढू शकत नाही. पालिकेत पैसा लेखाशीर्षावर (अंदाजपत्रकातल्या त्या-त्या खर्चाच्या नोंदीवर) असतो आणि लेखाशीर्ष खात्याकडे असतं. म्हणून पहिलं काम म्हणजे त्या वाक्याचं भाषांतर करणं: कोणती इमारत, किती चौरस मीटर, कोणाची मालमत्ता, दुरुस्ती कोण करतं.

पाणी तुंबणं पर्जन्यजलवाहिन्यांच्या खात्याकडे, पथदिवे आणि सौर संच विद्युत विभागाकडे, झाडं उद्यान विभाग आणि वृक्ष प्राधिकरणाकडे, ओला कचरा घनकचऱ्याकडे. शाळेच्या गच्चीत मेख आहे. शाळा चालवतो शिक्षण विभाग, पण इमारतीची दुरुस्ती बहुतेक ठिकाणी भवन विभाग किंवा क्षेत्रीय कार्यालयाचा स्थापत्य कक्ष करतो. मुख्याध्यापकांचं पत्र हवंच, पण फाइल सुरू होते स्थापत्यच्या टेबलावरून.

पर्यावरण कक्षाला अर्ज देणं चूक नाही. तो *फक्त* तिथे देणं चूक आहे. या कक्षाकडे आराखडा असतो आणि समन्वयाचं काम असतं. साइटवर उभा राहून मोजमाप घेणारा अभियंता बहुधा नसतो. अर्ज मूळ खात्याला द्या, प्रत पर्यावरण कक्षाला.

अर्जात अधिनियमाचा आधारही द्या. 1949 च्या अधिनियमात कलम 63 मध्ये पालिकेची बंधनकारक कर्तव्यं आहेत, कलम 66 मध्ये ऐच्छिक. प्राथमिक शाळा, गटारं, पाणी, दिवाबत्ती ही बंधनकारक बाजूची कामं. 'शाळेच्या इमारतीची दुरुस्ती व उष्णतारोधक लेप' असं लिहिलंत तर तो दुरुस्तीचा विषय होतो. 'हवामान अनुकूलन प्रायोगिक प्रकल्प' लिहिलंत की तो ऐच्छिक होतो, आणि पैसे कमी पडले की कात्री तिथेच आधी लागते.

तपासा: खात्याचं नाव, इमारतीचा मालमत्ता क्रमांक आणि गेल्या तीन वर्षांत तिथे झालेली दुरुस्ती, ही तीन उत्तरं हातात नसतील तर पुढे जाऊ नका. नुकतंच जलरोधकाचं काम झालं असेल आणि त्याचा दोषदायित्व कालावधी (ठेकेदाराने दोष स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायची मुदत) चालू असेल, तर त्याच गच्चीवर दुसऱ्या ठेकेदाराचा लेप चढवल्यावर गळतीची जबाबदारी कोणीच घेणार नाही.

## टप्पा 2: गच्चीवर चढा

मोजमाप, फोटो आणि तापमान, तिन्ही हवेत. टेप लावून क्षेत्रफळ काढा; टाक्या, जिन्याची खोली, सौर पॅनेल यांखालची जागा वजा करा. पृष्ठभाग कसला ते लिहा: कोबा, चायना मोझॅक, उघडा स्लॅब की पत्रा. चायना मोझॅक मुळातच पांढरा असेल आणि फक्त काळवंडला असेल, तर घासून धुणं हेच निम्मं काम. तिथे नवा लेप लावायचा प्रस्ताव पाहिला की जुना अभियंता हसतो आणि फाइल बाजूला ठेवतो.

तापमान मात्र नीट घ्या. इन्फ्रारेड थर्मामीटर हजार-दोन हजारांत मिळतो. एप्रिल-मेमध्ये, दुपारी दोन ते तीन या वेळेत, वरच्या मजल्यावरच्या वर्गाच्या छताचा *आतला* पृष्ठभाग मोजा. त्याच वेळी खालच्या मजल्यावरच्या वर्गाचंही छत मोजा. शक्य असेल तर शेजारच्या, काम होणार नाही अशा इमारतीचंही घ्या, कारण काम झाल्यावर पुढच्या मेमध्ये तुलना त्याच्याशी करावी लागते. नाहीतर 'यंदा ऊनच कमी होतं' हा एक शेरा पुरतो. एकाच दिवसाची नोंद नको; आठ-दहा दिवसांची, तारीख-वेळ-खोली लिहिलेली वही ठेवा.

इशारा: मोबाइल अ‍ॅपवरचं शहराचं तापमान कागदावर चढवू नका. ते तुमच्या वर्गाचं नसतं.

## टप्पा 3: पैसा कुठून येणार

हा टप्पा सगळ्यात जास्त चुकतो. 'केंद्राकडून निधी येतो' असं ऐकलेलं असतं, आणि मग ज्या योजनेत आपलं काम बसतच नाही तिचं नाव अर्जात घातलं जातं. प्रत्येक पैशाला वेगळी अट असते.

पालिकेचा स्वतःचा निधी. मालमत्ता कर, पाणीपट्टी, बांधकाम परवानगीचं शुल्क, जीएसटीची भरपाई. शाळेच्या गच्चीएवढ्या कामाला हाच मार्ग, आणि हाच सर्वांत भरवशाचा. पुण्यात नगरसेवकांच्या कामांची 'स' यादी असते, शिवाय 2006 पासून नागरिकांच्या सूचना अंदाजपत्रकात घेण्याची पद्धत आहे. तिचा अर्ज क्षेत्रीय कार्यालयात आणि ऑनलाइन भरता येतो, आणि छोट्या कामांसाठीच असतो. खर्चाची मर्यादा अर्जावर असते. ती ओलांडली की सूचना अपात्र.

वित्त आयोगाचा निधी. पंधराव्या केंद्रीय वित्त आयोगाचा कालावधी 2021-26 होता. त्यात दहा लाख लोकसंख्येखालच्या शहरांना मिळणाऱ्या पैशात 40 टक्के अबंधित आणि 60 टक्के बंधित असायचे. बंधित भाग पाणी आणि स्वच्छता यांसाठीच होता, ज्यात पर्जन्यजल संधारण आणि पाण्याचा पुनर्वापरही यायचा. दहा लाखांवरच्या शहरांना हवेची गुणवत्ता आणि पाणी-कचरा यांच्याशी जोडलेला निधी होता. 2026-31 साठी सोळाव्या आयोगाच्या अटी आहेत. जुना शासन निर्णय जोडून अर्ज देऊ नका. पंधराव्या आयोगात गच्चीचा लेप बंधित भागात बसत नव्हता, गच्चीवरच्या पाण्याचं पुनर्भरण बसायचं. दोन्ही करायचं असेल तर अंदाजपत्रकं दोन करा.

राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम. जानेवारी 2019 पासून सुरू झालेल्या या कार्यक्रमात महाराष्ट्रातली 19 शहरं आली. पण हा हवेतल्या धुळीकणांचा पैसा आहे, हवामानाचा नाही. रस्ते झाडण्याची यंत्रं, डांबरीकरण, धूळ दाबण्याचे फवारे यांवर तो खर्च होताना दिसतो. बेकऱ्या आणि स्मशानभूमीतलं इंधन बदलणं, ई-बस, कचरा जाळणं थांबवणं अशी कामं सुचवलीत तर हवा आणि हवामान दोन्ही साधतात. माझ्या मते फवाऱ्याच्या गाड्यांऐवजी हेच मागावं.

माझी वसुंधरा अभियान. 2 ऑक्टोबर 2020 पासून चालू असलेल्या राज्य शासनाच्या या अभियानात भूमी, वायू, जल, अग्नी, आकाश या पाच घटकांवर गुण मिळतात. इथला पैसा बक्षिसाच्या रूपात येतो, म्हणजे आधी काम, मग पैसा. बक्षीस मिळालं असेल तर ती रक्कम पर्यावरणाच्या कोणत्या कामांना दाखवली आहे ते विचारा.

पुरासाठीचा शमन निधी. पंधराव्या आयोगाने शहरी पूर कमी करण्यासाठी मुंबई, चेन्नई, कोलकात्याला प्रत्येकी 500 कोटी आणि पुणे, बेंगळुरू, हैदराबाद, अहमदाबादला प्रत्येकी 250 कोटींची शिफारस केली. हा पैसा राज्य आणि राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणातून जातो. एका चौकातलं तुंबणं त्यात सुटं बसत नाही. ते पालिकेच्या पूरनियंत्रण प्रकल्प अहवालात असावं लागतं. म्हणून तुमच्या चौकाचं नाव त्या अहवालाच्या तक्त्यात आहे का, एवढंच पाहा.

कर्जरोखे. पुण्याने 2017 मध्ये समान पाणीपुरवठ्यासाठी 200 कोटी उभे केले. पिंपरी-चिंचवडने 2025 मध्ये हरित कर्जरोख्यांतून 200 कोटी उभे केले, त्यात पादचारी-सायकल मार्गांचा हरित सेतू प्रकल्प आहे. इंदूरने 2023 मध्ये 244 कोटींचे हरित रोखे काढले ते जलूदच्या सौर प्रकल्पासाठी: नर्मदेचं पाणी शहरात उपसून आणायला लागणाऱ्या विजेचं बिल कमी करायला. हे उदाहरण लक्षात ठेवण्यासारखं आहे. रोखे म्हणजे कर्ज; ते सव्याज फेडावं लागतं. ज्या कामातून बिल घटतं किंवा उत्पन्न येतं, तिथे ते शोभतं. नागपूर महापालिका भांडेवाडीचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राला देते आणि त्याचे पैसे घेते, तेही याच जातीचं काम. झाडं लावायला कर्ज काढू नये.

ठेकेदाराच्या भांडवलावर सौर संच. कंपनी स्वतःच्या खर्चाने पॅनेल बसवते आणि पालिका ठरलेल्या दराने युनिट विकत घेते. सुरुवातीला तरतूद लागत नाही, पण करार दीर्घ मुदतीचा असतो आणि गच्ची त्यात अडकते. करार करण्याआधी जलरोधकाचं काम उरकून घ्या.

इशारा: मुंबईने 2024 मध्ये ऑस्लोच्या धर्तीवर हवामान अंदाजपत्रक प्रसिद्ध केलं. अशा पुस्तिकेत दिसणारी रक्कम म्हणजे नवा पैसा नव्हे. वेगवेगळ्या खात्यांच्या कामांतला हवामानाशी संबंधित भाग वेगळा दाखवलेला असतो. 'हवामानासाठी इतके हजार कोटी आहेत, त्यातले आमच्या शाळेला द्या' असं म्हणू नका. त्यातला प्रत्येक रुपया आधीच कुठल्या तरी नाल्याला किंवा बसला दिलेला असतो. पुस्तिकेचा उपयोग दुसरा आहे: कोणत्या खात्याचं कोणतं काम 'हवामानाचं' म्हणून मोजलंय ते कळतं, आणि ते खरंच झालं का हे विचारता येतं.

## टप्पा 4: वर्षाचं वेळापत्रक पाळा

- एप्रिल-मे: तापमानाच्या आणि मोजमापाच्या नोंदी.
- जून-ऑगस्ट: गळती कुठे होते ते पाहा. फोटो तारखेसह ठेवा. पुण्यासारखा नागरिक अर्ज असेल तर त्याच्या जाहिरातीकडे लक्ष ठेवा.
- सप्टेंबर-ऑक्टोबर: खात्याला प्रस्ताव द्या आणि अभियंत्याबरोबर पाहणी करा. खाती पुढच्या वर्षाच्या मागण्या याच सुमारास जुळवायला घेतात.
- नोव्हेंबर-डिसेंबर: मागणी यादीत काम आलं का, ते खातेप्रमुखांच्या कार्यालयात विचारा. लेखा विभागात गेलेली यादीच खरी.
- जानेवारी-मार्च: आयुक्तांचं अंदाजपत्रक स्थायी समितीपुढे, मग सर्वसाधारण सभेत. या काळात नगरसेवकाच्या उपसूचनेने काम घुसवता येतं, नवीन फाइलने नाही. पालिकेवर प्रशासक असतील तर दोन्ही सभांचे अधिकार त्यांच्याकडेच असतात.

अंदाजपत्रक हातात आलं की आपल्या कामापुढची रक्कम वाचा. 'एक हजार' किंवा 'एक लाख' दिसलं तर ती टोकन तरतूद आहे: लेखाशीर्ष जिवंत ठेवलंय, पैसे दिलेले नाहीत. दुसरी बारीक गोष्ट म्हणजे दायित्व. लेखाशीर्षावर तीस लाख असले आणि मागच्या वर्षीच्या कामांची पंचवीस लाखांची देणी त्यावरच असली, तर तुमच्यासाठी पाचच उरतात. अंदाजपत्रकाच्या पुस्तकात हे दिसत नाही. खात्यात विचारावं लागतं.

तपासा: वर्षाच्या मध्यात आपल्या लेखाशीर्षावरचे पैसे वर्गीकरणाने (एका लेखाशीर्षातून दुसऱ्याकडे वळवून) दुसरीकडे गेले का? स्थायी समितीची कार्यपत्रिका दर आठवड्याला चाळा. हवामानाच्या नावाची तरतूद वर्गीकरणात सगळ्यात आधी हलते, कारण तिच्यासाठी भांडायला कोणी येत नाही. कागद हवे असतील तर माहिती अधिकाराचा अर्ज करण्याआधी थेट पाहणीचा मार्ग वापरा: राज्य शासनाच्या 2018 च्या आदेशाप्रमाणे स्थानिक स्वराज्य संस्थांनी दर सोमवारी दुपारी 3 ते 5 या वेळेत अभिलेख पाहू द्यायचे आहेत.

## टप्पा 5: कागदांचा क्रम

क्रम असा: प्राथमिक अंदाज, प्रशासकीय मान्यता, सविस्तर अंदाजपत्रक आणि तांत्रिक मान्यता, निविदा, दर स्वीकृती, करारनामा, कार्यादेश (काम सुरू करण्याचा आदेश).

लोक प्रशासकीय आणि तांत्रिक मान्यतेत गल्लत करतात. प्रशासकीय मान्यता म्हणजे 'हे काम करायचं आहे आणि पैसे आहेत.' तांत्रिक मान्यता म्हणजे 'हे असंच करायचं आणि हिशेब बरोबर आहे.' 'मंजूर झालं' असं कोणी सांगितलं की कोणती मान्यता, आणि जावक क्रमांक काय, हे दोन प्रश्न लगेच विचारा.

पांढऱ्या लेपाची फाइल अडते ती सविस्तर अंदाजपत्रकात. अभियंता दरसूचीतल्या (ठरलेल्या सरकारी दरांच्या यादीतल्या) बाबी उचलतो, आणि तुम्हाला हवा तो परावर्तक लेप सूचीत तसाच्या तसा नसतो. मग दरपृथक्करण करावं लागतं: साहित्य, मजुरी, वाया जाणारा माल, कर, नफा असा प्रति चौरस मीटर दर काढायचा आणि तीन पुरवठादारांची दरपत्रकं जोडायची. इथे फाइल महिनोन्‌महिने पडून राहते, कारण दरपत्रकं मागवायला कोणाला सवड नसते. नागरिक गटाने बाजारात कोणते लेप मिळतात, कोणाची किती वर्षांची हमी आहे, हे तक्त्यात लिहून द्यावं. कोणत्याही एका कंपनीची शिफारस करू नये. निविदेत ब्रँडचं नाव आलं की तक्रार होते आणि सगळं रद्द होतं.

इशारा: ई-निविदा टाळण्यासाठी पाच शाळांची पाच छोटी कामं करू नका. कामाचे असे तुकडे पाडणं लेखापरीक्षणात पकडलं जातं आणि पुढच्या वर्षी अभियंता तुमच्या कामाला हात लावत नाही.

## टप्पा 6: निविदेच्या अटी वाचा

निविदा महाटेंडरच्या पोर्टलवर लागते आणि कोणालाही पाहता येते. निविदापूर्व बैठक असेल तर लेखी शंका तिच्या आधी द्या. दर उघडल्यावर दिलेल्या सूचनांना किंमत नसते. लेपाच्या कामात चार अटी शोधा:

1. आधी गळती दुरुस्ती, भेगा भरणं आणि कठड्याच्या कडेची गोलाई, आणि लेप त्यानंतर.
2. पृष्ठभाग धुऊन शेवाळ काढणं ही वेगळी, मोजली जाणारी बाब.
3. लेपाच्या परावर्तनाचा प्रयोगशाळेतला दाखला आणि थरांची संख्या.
4. दोषदायित्व कालावधी, आणि त्यात पावसाळ्यानंतर दरवर्षी एकदा धुऊन देणं.

चौथी अट नसेल तर तीच एक घालून घ्या. धूळ आणि शेवाळ चढलं की पांढरी गच्ची करडी होते आणि दोन वर्षांत बराचसा फायदा जातो. स्वस्तात होतं म्हणून चुन्याची सफेदी सुचवली जाते. ती एका पावसाळ्यात वाहून जाते. दरवर्षी उन्हाळ्याआधी मारायची तयारी आणि तरतूद असेल तर तीही चालते, पण ती भांडवली कामात दाखवू नका.

## टप्पा 7: काम चालू असताना

लेपाला कोरडी गच्ची लागते. निविदा अशी धरा की कार्यादेश डिसेंबर-जानेवारीत निघेल. निवडणुकीची आचारसंहिता लागली की नवे कार्यादेश थांबतात. त्या वर्षी ऑक्टोबरातच सगळं उरकायला हवं. मार्चअखेरीस दहा दिवसांत गच्ची रंगवून बिल टाकण्याची घाई होते, आणि नेमकी तेव्हाच परीक्षा असल्याने वर्गात जाता येत नाही.

साइटवर तीन वेळा जा. धुतल्यानंतर एकदा: हात फिरवून पांढरी भुकटी लागली तर धुणं अपुरं आहे. पहिल्या थरानंतर एकदा. आणि शेवटी, रिकाम्या बादल्या मोजायला. बादलीवर लिहिलेली व्याप्ती गुणिले बादल्या, ही संख्या क्षेत्रफळ गुणिले थर यांच्या जवळपास यायला हवी. निम्मीच आली तर लेप पाणी घालून पातळ केलाय. हे कनिष्ठ अभियंत्याला तोंडी सांगू नका. बादल्यांच्या फोटोसह लेखी द्या, कारण त्यालाही मोजमाप पुस्तिकेत नोंद करताना कागदाचा आधार लागतो.

तपासा: टाक्यांच्या कडेला, पाइपांमागे आणि पन्हाळीच्या तोंडाशी लेप पोचला का? तिथेच सोडतात, आणि गळतीही तिथेच होते.

## टप्पा 8: बिल निघाल्यावर

अंतिम बिल निघण्याआधी गच्चीवर पाणी साठवून चोवीस तासांची गळती चाचणी लावा आणि तिचा पंचनामा मुख्याध्यापकांच्या सहीने करून घ्या. सुरक्षा अनामत दोषदायित्व संपेपर्यंत पालिकेकडे राहते. ती कधी परत जाणार ती तारीख शाळेच्या फलकावर लिहून ठेवा; त्याच्या महिनाभर आधी गच्ची पुन्हा पाहून उरलेल्या दोषांचं पत्र खात्याला द्या. अनामत गेली की ठेकेदार फोन उचलत नाही.

पुढच्या मेमध्ये त्याच खोल्या, त्याच वेळी, त्याच थर्मामीटरने मोजा आणि वही पर्यावरण कक्षाला द्या. माझी वसुंधराच्या गुणांकनासाठी आणि पुढच्या हवामान अंदाजपत्रकासाठी त्यांना असे आकडे हवे असतात आणि ते फारसे कोणी देत नाही. त्याच पत्रात दोन ओळी जोडा: पुढच्या वर्षी कोणत्या चार शाळा, आणि या गच्चीच्या धुण्याला देखभाल-दुरुस्तीच्या लेखाशीर्षात किती. पत्र ऑक्टोबरच्या आत द्या.